टोयोटाच्या पोटावरचं नाव

माझ्या मुलानं, नेमिनाथनं, जे केलं ते आमच्या घराण्यात आजवर कुणी केलं नव्हतं. एकदा मुलगी बघून आलं की सुपारी फुटेपर्यंत नवऱ्या मुलानं पुन्हा मुलीच्या गावात पाय ठेवायचा नाही, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. हा एकतीस वर्षांचा घोडा मला न विचारता यष्टीत बसला आणि गडहिंग्लजला मुलीच्या बापाच्या दुकानात जाऊन उभा राहिला. आणि कशासाठी, तर मी दिलेलं खेळणं परत मागायला.

खेळणं म्हणजे मोटार. बोटभर लांबीची, धातूची, जपानी. अशा सत्तावीस मोटारी त्यानं आमच्या कसबा बावड्याच्या घरात, सोप्यात, काचेच्या कपाटात मांडल्या होत्या. ही गोष्ट एक्याऐंशी सालची. लोक कपाटात चांदीची भांडी ठेवतात, बक्षिसाचे कप ठेवतात. आमच्याकडं आलेला पाहुणा आधी ह्या मोटारी बघायचा आणि मग माझ्या तोंडाकडं बघायचा. मी म्हणायची, “मुलाचं हाय.” पाहुण्याला वाटायचं नातू असणार. मी गैरसमज दूर करत बसायची नाही.

उद्यमनगरात आमचा ओतकामाचा कारखाना आहे. ऑइल इंजिनाचे भाग ओततो. आमचे मालक, नेमिनाथचे वडील, गेले तेव्हा तो अजून शिकत होता. चार वर्षं मी स्वतः त्या खुर्चीत बसले, तिसरी शिकलेली बाई, आणि एक भट्टी थंड पडू दिली नाही. आमचा जुना मोल्डर नबीलाल. वाळूचे साचे करावेत तर त्यानंच. त्याचा मुलगा बादशहा चौऱ्याहत्तर साली कुवेतला ड्रायव्हर म्हणून गेला. पहिल्या रजेला आला तेव्हा बापाला घोंगडीएवढं जाड ब्लँकेट आणलं, आईला, मदिनाला, घड्याळ आणलं आणि नेमिनाथच्या हातावर एक काळी मोटार ठेवली.

“टोयोटा क्राऊन,” बादशहा म्हणाला. “आमच्या शेखची अशीच हाय. मीच चालवतो.”

दुसरा कुणी असता तर जमिनीवर फिरवून बघितली असती. नेमिनाथनं ती उलटी केली, डोळ्याजवळ धरली आणि नबीलालपुढं नेली.

“चाचा, हे ओतलंय.”

नबीलालनं चष्मा लावला. “मशीनच्या दाबानं ओतलंय. वाळूत न्हवं.”

“कुठं भोक दिसतंय?”

“न्हाय बाबा.”

आमच्या मालाला तेव्हा भोकं पडायची, गिऱ्हाईक माल परत पाठवायचं, त्यामुळं दोघंही त्या मोटारीकडं देवळात उभं राहिल्यासारखे बघत होते. दाराच्या रेघा, दिवे, पुढची जाळी, सगळं एका ओतात आलेलं. मला वाटलं, बरं झालं, पोरगं धंद्यात शिकतंय. मी तिथंच हटकायला पाहिजे होतं.

मग दर रजेला चार-पाच, दर रजेला चार-पाच. डॅटसन आली, माझदा आली, बटाट्याच्या आकाराची एक सुबारू आली. त्याला नव्या नको असायच्या. “चौसष्ट-पासष्टच्या सुमाराच्या बघ,” असं बादशहाला पत्रातून लिहायचा. रस्त्यावरची खरी गाडी जुनी झाली की लोक विकतात. ह्याला जुन्याच खेळण्यातल्या पाहिजेत. कारखान्यातल्या पॅटर्नवाल्या सुताराकडून सागवानाची फळी करून घेतली, तिच्यात एकेका मोटारीच्या मापाचा खळगा. आणि मोटार आली की रात्रभर जवळ ठेवायची, सकाळी उलटी करून टोकदार सुईनं पोटावर स्वतःचं नाव कोरायचं. ती कारखान्याची सवय. तिथं हत्यारावर नाव नसलं की दुपारपर्यंत ते दुसऱ्याचं होतं.

सगळ्यांत मोठं वेड त्या पांढऱ्या टोयोटाचं. दोन हजार काहीतरी म्हणायचे तिला. लांब नाक, बुटकी काच, बसकी. दाबली की खाली जायची, सोडली की वर यायची. कुवेतच्या कुठल्याच दुकानात ती मिळेना. बादशहाच्या ओळखीचा एक जपानी इंजिनेर होता, त्याच्या टेबलावर ती होती. तो विकायला तयार नव्हता. शेवटी म्हणाला, मला कोल्हापुरी चपला आणून द्या. त्यानं कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवली आणि तो कागद टपालानं आमच्याकडं आला. नेमिनाथ तो कागद घेऊन चप्पल लाईनीत तीनदा गेला. कातडं निवडलं, वेणी निवडली, एक जोड नापसंत करून परत केला. माझ्या चपलेचा अंगठा तेव्हा वर्षभर तुटलेला होता. तो त्याला दिसला नाही. चपला गेल्या आणि सव्वा वर्षानं मोटार आली.

एवढ्यात तीन स्थळं गेली होती. एका मुलीच्या मामाला ह्यानं तासभर मोटारीच दाखवल्या. चहा निवला, मामाही निवला. मग माझा भाऊ आप्पासो, कोडोलीचा, त्यानं गडहिंग्लजचं स्थळ आणलं. जिनगोंडा म्हणून भांड्यांचे व्यापारी. बाजारात दुकान, दुकानामागंच घर. मुलगी पद्मावती, मॅट्रिक झालेली, मान खाली घालून पण स्पष्ट बोलणारी. आम्ही जाऊन बघून आलो. परत येताना यष्टीत मी नेमिनाथला विचारलं, कशी काय वाटली. तो म्हणाला, “बरी हाय.” त्याच्या तोंडून बरी हाय म्हणजे दुसऱ्यानं हत्तीवरून साखर वाटल्यासारखं. मी समजले.

आता त्यांनी आमचं घर बघायचं, मग सुपारी. सोमवारी उद्यमनगराला सुट्टी, म्हणून सोमवारी बोलावलं. जिनगोंडा आले, माहेरपणाला असलेली त्यांची थोरली मुलगी आली आणि तिची चार वर्षांची त्रिशला आली. बाकी सगळं झक्क झालं. पोरगीनं तेवढं कपाट बघितलं आणि भोकाड पसरलं. आईनं दंडाला चिमटा काढला तशी अजून चढली.

पहिल्यांदा घरात आलेलं पोर रडत जाऊ द्यायचं नाही, आमच्यात. मी उठले, कपाट उघडलं.

“कुठली पायजे, बाळ?”

तिनं पांढरीवर बोट ठेवलं.

“लाल घे की,” नेमिनाथ एकदम म्हणाला. सबंध सकाळीत त्यानं तोंडातून काढलेले तेवढेच शब्द. “लाल बघ, कसली झ्याक हाय.”

“पांढली,” पोरगी म्हणाली.

मी पांढरी काढून तिच्या हातात दिली. जिनगोंडा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या हो आक्का, पोरीच्या जातीला मोटार कशाला.” मी म्हटलं, “असू द्या, पावणं. आमच्यात दिलेलं परत घेत न्हाईत.” नेमिनाथकडं मी बघितलंच नाही. बघायची गरज नव्हती. वितळलेल्या लोखंडानं भरलेली पळी जमिनीवर कलंडली की कारखान्यात जशी शांतता होते, तशी माझ्या डाव्या अंगाला झाली होती.

पाहुणे गेले. त्यानं सोप्याचं दार लावलं.

“अव्वा, तीच का दिलीस?”

“पोरगी रडत हुती.”

“दुसऱ्या सव्वीस हुत्या.”

“तिनं तीच मागितली. पारख हाय तिला, तुझ्यासारखी.”

“परत मागव ती. मामाकडनं निरोप दे. बदल्यात दोन देतो.”

“मी परत मागू? त्यापरीस माझं नाक कापून त्या खळग्यात ठेवतो, बरोबर बसंल.”

“तुला ती काय हाय ते ठावं न्हाय.”

“मला तू काय हाईस ते ठावं हाय. लगीन ठरायलंय तुझं, आणि चपलंच्या बदल्यात आलेल्या खेळण्यासाठी रडायलास. त्रिशलाला चिमटा काढणारी आई तरी हुती. तुला कोण काढायचं?”

तो उठून आत गेला. मंगळवार, बुधवार कारखान्यात गेला, आला, जेवला. कपाटाकडं गेला नाही. गुरुवारी सकाळी दहाला मी कारखान्यात पोचले तर ह्याची खुर्ची रिकामी.

“नेमूशेठ स्टँडवर गेलं,” नबीलाल म्हणाला. मला तोंड देताना तो नेहमी वाळू चाळायला घेतो.

“कुठल्या गाडीला?”

“आता मी कसं सांगू, आक्का.”

“नबीलाल.”

“गडहिंग्लज म्हणत हुतं. खिशात काय तर फुगलेलं हुतं.”

घरी येऊन कपाट बघितलं. लाल मोटार नव्हती. म्हणजे लाल द्यायची आणि पांढरी आणायची. मुलीच्या दारात जाऊन चार वर्षांच्या पोरीशी अदलाबदल करायची. मी आयुष्यात पुष्कळ लाज बघितली आहे, पण ती दुसऱ्यांच्या घरची. आमची गाठ सुपारीपर्यंत आलेली. ती सुटली तर सुटली, पण नाव काय होणार? बावड्याच्या बाईनं पोरीला खेळणं दिलं आणि चौथ्या दिवशी मुलगा पाठवून काढून घेतलं. बाजारपेठेतलं भांड्याचं दुकान, दिवसाला शंभर बायका येणार. एकेका कळशीबरोबर ही बातमी एकेका घरात जाणार.

तो परत आला तेव्हा दिवस बुडून गेला होता. आमच्या जैनांत दिवस बुडाल्यावर चूल नाही, ताट नाही. ताट मी झाकून ठेवलं होतं, ते गाईला घातलं.

“गेलतास?”

“गेलतो.”

“मागितलास?”

“मागितली.”

“दिली?”

“न्हाय आणली,” एवढं बोलून हात-पाय धुऊन झोपला.

सकाळी लाल मोटार तिच्या जागेवर होती. पांढरीचा खळगा रिकामाच. मी ओळखलं. त्यांनी ह्याला हाकलला. बरं केलं. मीही हाकलला असता.

शुक्रवार, शनिवार, रविवार तिकडून निरोप नाही. सुपारीची तारीख कळवतो म्हणाले होते, ती कळवली नाही. मी नेमिनाथशी बोलायचं सोडलं. म्हणजे त्याला जे ऐकवायचं ते भांड्यांना, भिंतीला आणि नबीलालला ऐकवलं. “नबीलाल, ह्यांना सांगा, जपानात एखादी पोरगी हाय का बघा म्हणावं, खोक्यातनं येणारी.” नबीलाल वाळू चाळायचा. नेमिनाथ ऐकायचा. एकदाही उलट शब्द नाही. कुणी उलट बोललं तर मला भांडण आटोपता येतं. ह्यानं ते आटोपू दिलं नाही.

मंगळवारी दुपारी, ओत सुरू असल्यानं तो कारखान्यात असताना, आप्पासो आला. बरोबर जिनगोंडा. नकार द्यायला बाप स्वतः येत नाही, हे मला कळायला पाहिजे होतं. पण मी डोक्यात उत्तरं जुळवत होते, त्यामुळं कळलं नाही. पाणी दिलं. गूळ दिला. म्हटलं, “पावणं, मुलानं केलं ते मला माहीत न्हवतं. तुमचं जे म्हणणं असंल ते तोंडावर म्हणा.”

जिनगोंडा आप्पासोकडं बघून हसले. “आक्का, खरं सांगू? आम्ही न्हाय म्हणणार हुतो.”

“मग म्हणा की.”

“ऐका तर. त्या सोमवारी घरी गेलो. आमच्या आईनं पोरीच्या हातातली मोटार घेतली, उलटी केली. पोटावर तुमच्या मुलाचं नाव. आता आमचा धंदा भांड्याचा. चाळीस वर्षं दुकानात नावं घालतोय. नाव ज्याचं, वस्तू त्याची. शेजाऱ्याचं नाव घातलेला डबा घरात आला की आम्ही तो ठेवून घेत न्हाई, मूठभर साखर घालून परत धाडतो. आई म्हणाली, ह्या बाईनं पोरीच्या हातात दिलं, पण नाव आपलंच ठेवलं. उद्या आपली पद्मा बी अशीच नेतील. घरात ठेवतील, पण सगळं आपल्याच नावावर धरतील.”

ती म्हातारी मला भेटलेली नाही. पण तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, तेही दोन दिवस आधी.

“मोटार रुमालात बांधली,” जिनगोंडा सांगत होते, “साखर घातली. आप्पासोंकडनं धाडायची, बरोबर नकार. तवर गुरुवारी तुमचा मुलगाच दुकानात. मी म्हटलं, आलासा ते बरं झालं, तुमची वस्तू न्या. पुरचुंडी म्होरं सरकवली. त्यांनी सोडून बघितली, साखर बघितली. साखर का, म्हणून विचारलं. आई आतनं आली आणि तिनं समदं तोंडावर सांगितलं. ती कुणाला भीत न्हाय.”

“मग?”

“मग मोटारीवरची साखर झटकली. मला वाटलं, उचलतील आणि जातील. तर म्हणाले, अव्वाला बारीक अक्षर दिसत न्हाय. तिनं मनापासनं दिलीया. नाव माझं, चूक माझी. आणि नाव घालायची मशीन मागितली.”

त्या दुकानात विजेवर चालणारं कोरायचं मशीन आहे, पेनासारखं. नेमिनाथ बाकड्यावर बसला. पद्मावतीनं आतून येऊन वायर लावून दिली. त्यानं त्या मोटारीच्या पोटावरचं स्वतःचं नाव घासून काढलं आणि खाली त्रिशलाचं घातलं.

“अक्षर वाकडं आलंय,” जिनगोंडा म्हणाले. “मोटार पोरीच्या हातात दिली. तिनं लगेच फरशीवर सोडली, दोन पायऱ्या खाली गेली. रंग उडाला थोडा. त्यांनी बघितलं, पण उचलली न्हाय. मग आईनं विचारलं, समदं खरं, पण तुम्ही आलतासा कशाला? आम्हाला वाटलं आता कायतरी कारण सांगतील. तर म्हणाले, परत मागायला आलतो.”

आप्पासो मांडीवर थाप मारून हसला. “तोंडावर सांगितलं की गं, आक्का! परत मागायला आलतो म्हणून!”

“आई म्हणाली, खोटं बोलता येत न्हाय ह्याला, पोरगी द्या. पद्मालाबी विचारलं. तिनं मान हलवली. मधले चार दिवस निपाणीच्या काकांना विचारण्यात गेले. म्हणून उशीर. आता तारीख तुम्ही काढा, विहीणबाई.”

मी तारीख काढली. दोघांना दिवस असताना जेवू घातलं आणि स्टँडच्या वाटेला लावलं.

ते गेल्यावर कपाट उघडलं. पाच-सहा वर्षं त्या मोटारी मीच पुसते. शनिवारी, मऊ फडक्यानं, एकेक उचलून. उलटी कधी एकही केली नव्हती. काळी क्राऊन हातात घेतली, उजेडाकडं नेली, लांब धरली, मग जवळ धरली. अक्षर मुंगीएवढं. ने, मि, ना, थ. लावत लावत वाचलं. डॅटसनवर तेच. बटाट्यावर तेच. पोराला पान्ह्याची सवय, पान्ह्यावर नाव घालतात तसं घातलेलं. भांडीवाल्या म्हातारीनं ते भांड्यावरच्या नावासारखं वाचलं. आणि मी ते वाचलंच नव्हतं, आणि तसंच दिलं होतं. पुन्हा जिथल्या तिथं ठेवलं. पांढरीच्या खळग्यात धूळ बसली होती, ती पुसली.

नेमिनाथ दिवस बुडायच्या आधी घरी आला. आप्पासोनं जाताजाता कारखान्यात डोकावून त्याला आधीच सांगितलं असणार, कारण पाय धुताना तो गुणगुणत होता. मला बघितलं आणि थांबला. मी ताट वाढलं. भाकरी, वरण्याची उसळ, दही. पहिला घास त्यानं तोंडात घातला तेव्हा पाच दिवसांनी मी त्याच्याशी बोलले.

“नेमू, मान वर कर. तुला मी चिकट समजत हुतो. चिकट न्हाईस तू. चिकट माणसानं ती पुरचुंडी उचलली असती आणि साखरबी खाल्ली असती. तू घुमा हाईस. पाच दिवस मी तुला नको नको ते बोललो आणि तू नंदीबैलासारखा ऐकत बसलास. चिकट माणसाबरोबर बाईला संसार करता येतो, त्याचं काय कुठं ठेवलंय ते तिला कळतं. घुम्याबरोबर जन्मभर अंदाज बांधत बसावं लागतं. तुझा बाप घुमा हुता, मला नको सांगूस. त्या पोरीला ह्या घरात आणायचं तर तोंड उघडायला शीक, आतापासनं, रोज थोडं थोडं. आणि चूक कुणाची म्हणून कुणी विचारलंच, तर तिथं सांगितलास तेच हितंबी सांगायचं. चूक तुझीच हुती.”